कपाटचा राग

त्याला सगळेच कपाट म्हणायचे. कामावरचे लोक, गल्लीतले लोक, बायकोच्या माहेरचे लोकसुद्धा. तरुणपणी त्यानं आरशाचं लोखंडी कपाट एकट्यानं पाठीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवलं होतं, तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं. पुढे देहही नावाला शोभेल असा झाला. तो दारात उभा राहिला की खोलीत अंधारून यायचं.

धंदा घरसामान हलवण्याचा. स्वतःचा टेंपो होता, जुना पण इमानी, आणि जोडीला बायकोचा धाकटा भाऊ. लोकांची घरं उचलायची, दुसरीकडे नेऊन ठेवायची. पलंग सुटे करायचे, आरसे ब्लँकेटात गुंडाळायचे, फ्रीज उभाच न्यायचा, जिन्याच्या वळणावर कुठला कोपरा आधी काढायचा ते बघायचं. हात चांगले होते त्याचे. डोकं मात्र सदैव तापलेलं. नाकाच्या शेंड्यावर राग म्हणतात, तसा. बरणीचं झाकण उघडलं नाही तर तो झाकणाशी भांडायचा. बुटाची नाडी तुटली तर नाडी बनवणाऱ्याचं सगळं खानदान काढायचा.

आणि हाच माणूस रस्त्यावर कोणा अनोळखी माणसावर हात उचलत नव्हता.

त्याच्या धंद्यात हे अवघडच. टेंपो लावला की रस्ता अडतो, रस्ता अडला की मागून हॉर्न, हॉर्नमागून माणूस. दररोज कोणीतरी उतरून यायचा. कोणी बाप काढायचा, कोणी आई. कोणी शर्टाची कॉलर धरायचा, तीही टाचा उंचावून. कपाट म्हणायचा, "घेतो बाजूला," आणि पाठ फिरवायचा. शेवटचा शब्द समोरच्याला देऊन टाकायचा. मग टेंपोत बसायचा, दोन्ही बाजूंच्या काचा वर करायचा आणि समोरच्या काचेला अशा काही शिव्या घालायचा, की मेव्हणा म्हणे, काचेला कान असते तर ती केव्हाच तडकली असती. मन मोकळं झालं की काचा खाली, आणि पुढचं काम.

लोक म्हणायचे, माणूस समजूतदार आहे. काही म्हणायचे, भित्रा आहे. दोन्ही खोटं. या सगळ्याच्या मुळाशी थोरल्या भावाचा गुडघा होता.

तरुणपणी कपाट बाजारात पोती उचलायचा, आणि तेवढ्यानं अंगातली रग जिरली नाही तर कोणाच्या तरी कानाखाली वाजवायचा. एकदा बसच्या रांगेत एकजण मध्येच घुसला. कपाटनं त्याला मागे जायला सांगितलं. तो कपाटच्या आईवरून काहीतरी बोलला. पुढच्या क्षणी तो रक्ताळलेलं तोंड धरून फुटपाथवर बसला होता. रांगेतल्या लोकांनी कपाटची पाठ थोपटली. बस आली, लोकांनी त्याला आधी चढू दिलं, खिडकीची जागा मिळाली.

त्या माणसानं चौकशी केली. कपाट आणि त्याचा दादा दिसायला एका साच्यातून काढल्यासारखे. तो माणूस साथीदार घेऊन आला तेव्हा कपाट घरी पडला होता, आणि दादा कोपऱ्यावरच्या आपल्या शिंप्याच्या दुकानात पायमशीन चालवत होता. आलेल्यांनी नाव विचारलं नाही. चेहरा बघितला आणि गज उचलला.

दादाचा उजवा गुडघा त्यानंतर वाकला नाही. शिवणयंत्राला मोटर बसवावी लागली. दादा मात्र कपाटला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर कपाटला हलकं वाटलं असतं. ते झालं नाही. मग कपाटनंच ते ओझं उचललं आणि उतरवलंच नाही. लग्न ठरलं तेव्हा बायकोला त्यानं दादाच्या पायाची गोष्ट सांगितली. मेव्हण्याला कामावर घेताना सांगितली. लेक शाळेतून कोणाला तरी ओरबाडून आली तेव्हा तिला दादाच्या दुकानात नेऊन तो गुडघाच दाखवला. बायकोला ती गोष्ट इतकी पटली होती, की सकाळी तो निघाला की ती दारातून म्हणायचीच, "भांडू नका कोणाशी."

अशी वर्षं गेली. मग ती दुपार आली.

काम एका निवृत्त नर्सबाईंचं होतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. एकट्याच राहायच्या. जिने झेपेनात म्हणून तळमजल्यावरच्या लहान घरात चालल्या होत्या. नवं घर अरुंद गल्लीत. टेंपो लावल्यावर उरलेल्या जागेतून सायकल जेमतेम जाईल एवढीच वाट. कपाट आणि मेव्हण्यानं फ्रीज पट्ट्यांवर घेतला होता. दोघांच्या खांद्यांवरून पट्टे, मध्ये फ्रीज, पावलं बारीक. अशा वेळी थांबता येत नाही आणि घाईही करता येत नाही.

मागे पांढरी मोटार येऊन थांबली. हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. मग दार उघडून एक माणूस उतरला. कडक इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा. रस्ता तुझ्या बापाचा आहे का, असं त्यानं विचारलं. कपाट फ्रीजखालूनच म्हणाला, की एवढं आत ठेवतो आणि लगेच गाडी काढतो. खोटं नव्हतं ते. फ्रीज आत टेकवून तो बाहेर आलाही.

तोवर चष्मेवाल्यानं टेंपोच्या मागच्या फाळक्याजवळ ठेवलेल्या खोक्याला लाथ घातली होती. खोक्यात सिस्टरची काचेची भांडी होती. आवाज ऐकून सिस्टर दारात आल्या. कपाट खोकं सरळ करायला वाकला, आणि तो वाकलेला असतानाच चष्मेवाल्यानं त्याच्या थोबाडीत मारली. उभ्या कपाटच्या गालापर्यंत त्याचा हात पोचलाच नसता.

खिडक्यांत माणसं आली. बऱ्याच हातांत फोन वर आले.

कपाट सरळ उभा राहिला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, कान वाजत होते, उजव्या हाताची मूठ आपोआप वळली होती. चष्मेवाला एक पाऊल मागे सरला. त्याच्या मागे सिस्टरच्या दाराची दगडी पायरी होती.

"गाडी बाजूला घेतो," कपाट म्हणाला आणि वळला.

मेव्हण्याला हे सहन झालं नाही. त्यानं सीटखालून चाक बदलायची लोखंडी टॉमी काढली आणि तो चष्मेवाल्याच्या दिशेनं धावला. कपाटनं त्याला मागून कवेत धरलं. मेव्हणा लाथा झाडत होता, ओरडत होता. कपाटनं त्याला उचललं, टॉमी हातातून खाली पडून खणखणली, आणि उभ्या उभ्या त्याला नेऊन टेंपोत बसवलं. मेव्हण्यानं त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला तरी सोडलं नाही. हे बघून गल्ली हसली. सगळ्यांत मोठ्यानं चष्मेवाला हसला.

"मालक शहाणा आहे," तो म्हणाला. "कुत्रं बांधून ठेवतो."

कपाटनं टेंपो पुढे, गल्लीच्या पलीकडच्या तोंडापर्यंत नेला. मोटार शेजारून गेली, जाताना पुन्हा एक हॉर्न. या वेळी कपाटनं काचा वर केल्या नाहीत, शिव्याही घातल्या नाहीत. तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. इंजिन चालूच होतं.

मेव्हणा पुढे बघत म्हणाला, "दाजी, त्याच्यासमोर तुम्ही मला सामानासारखं उचललंत." मग तो उतरला आणि चालायला लागला. मागे वळून बघितलं नाही.

उरलेलं सगळं सामान कपाटनं एकट्यानं आत नेलं. पलंगाच्या फळ्या, शिलाईची पेटी, लोखंडी टेबल. सिस्टर काचा झाडत होत्या. झाडून झाल्यावर त्यांनी त्याला खुर्चीवर बसवून चाव्याची जखम धुतली, पट्टी बांधली. शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, "खरं सांगू? तुम्ही त्याला मारावं असं मला वाटत होतं. इतकी वर्षं मारामारीत फुटलेल्या डोक्यांवर टाके घालायला हात लावला मी, तरी वाटत होतं." आणि स्वतःवरच चिडल्यासारखा त्यांनी कापसाचा बोळा कोपऱ्यात फेकला.

संध्याकाळपर्यंत त्या थपडेचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. कपाटला ओळखणाऱ्या कोणीतरी त्यावर लिहिलं होतं: कपाट रिकामं निघालं. दुसऱ्या दिवशी टेंपोंच्या थांब्यावर एकानं त्याच्या शर्टाचं बटण उघडून आत डोकावल्यासारखं केलं आणि बाकीच्यांना सांगितलं, खरंच, आत काही नाही. सगळे पोट धरून हसले. कपाटनं बटण लावलं आणि टेंपोखाली जाऊन, काही बिघडलेलं नसताना, बराच वेळ नट आवळत राहिला.

घरी तर आगीतून फुफाट्यात. लेक औषधांच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकं गोळ्या घेता घेता तिला विचारत होती, हे तुझेच बाबा ना. ती घरी आली ती पर्स भिंतीवर फेकूनच. "एक तरी द्यायची होतीस, बाबा," ती म्हणाली. "एकच." तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही राग येत होता.

मेव्हणा बहिणीकडे येऊन आपली बाजू मांडून गेला होता. तो आता वेगळं काम बघणार होता, आणि दाजींच्या टेंपोत पाय ठेवणार नाही अशी शपथ घेऊन गेला होता. बायको भांडी आपटत होती. भांडू नका असं तिनं सांगितलं होतं, पण माझ्या भावाला चारचौघांत उचलून गाडीत कोंबा, असं काही तिनं सांगितलं नव्हतं. हे तिनं भांड्यांना उद्देशून सांगितलं, पण नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

कपाट ताटावरून उठला.

"सगळे मिळून एकदाच काय ते ठरवा," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून दोघी जास्तच दचकल्या. "मारलं तर गुंड, नाही मारलं तर नामर्द. मी मारलं असतं तर काय झालं असतं, सांगू? तो मागे पडला असता. मागे दगडी पायरी होती. तुमच्या त्या व्हिडिओत ती दिसत नाही, मला दिसली. तुझ्या भावाच्या हातात लोखंड होतं, मी धरलं नसतं तर आज तू त्याला डबा घेऊन कोठडीत गेली असतीस. आणि मला राग येत नाही असं वाटतं तुम्हाला? मला इतका राग आलाय की ही खोली पुरत नाहीये."

तो चपला घालून बाहेर पडला. पाय आपोआप दादाच्या दुकानाकडे वळले. जगात कोणी समजून घेईल तर दादाच, असं त्याला वाटत होतं.

दादा एका शर्टाची कॉलर लावत होता. व्हिडिओ त्यानंही बघितला होता. कपाट स्टुलावर बसला आणि म्हणाला, की थप्पड बसली तेव्हा डोळ्यांसमोर तुझा पाय आला, म्हणून हात आवरला.

दादानं मशीन थांबवलं.

"माझा पाय खाली ठेव," तो म्हणाला.

कपाटला काही कळलं नाही.

"इतकी वर्षं तू माझा पाय घेऊन गावभर फिरतोयस. बायकोला सांगतोस, मेव्हण्याला सांगतोस, पोरीला तर आणून दाखवलास. मी काय रस्त्यावरची पाटी आहे, पुढे धोक्याचं वळण म्हणून? माणसं कपडे शिवायला येतात, आधी गुडघ्याकडे बघतात आणि मग माप देतात." दादाचे हात कॉलरवर तसेच होते, पण कापड चुरगळलं होतं. "मला तुझा राग आहे. तेव्हापासून आहे. तू रडलास, पाया पडलास, मोटर आणलीस. सगळं केलंस. पण ‘दादा, तुला माझा राग आलाय का,’ हे कधी विचारलं नाहीस. गप्प आहे म्हणजे माफ केलं, असं तूच ठरवून टाकलंस."

कपाट खाली बघत होता. मग त्यानं विचारलं, "आलाय का राग?"

"आलाय," दादा म्हणाला. "आणि जाणार नाहीये. आता सांग. माझा पाय सोडून सांग. का नाही मारलंस त्याला?"

आजवर कपाटला वेगळं उत्तर लागलंच नव्हतं. तो कात्रीकडे बघत बसला. मग अडखळत म्हणाला, की तो माणूस मला बोलावत होता, दादा. लाथ मारली ती बोलवायला, थप्पड मारली ती बोलवायला. कोण कुठला, ना नात्याचा ना गोत्याचा. मी त्याच्या बोलावण्यावर का जाऊ? त्यानं सांगावं आणि मी नाचावं, एवढा तो माझा कोण लागतो?

दादानं मान हलवली नाही की कौतुक केलं नाही. चुरगळलेली कॉलर हातानं सरळ केली.

"आणि थप्पड?" तो म्हणाला. "ती गिळणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट पोलीस चौकीत गेला. हवालदारानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसू दाबत विचारलं, की एवढा मोठा गडी, आणि कोणी थोबाडीत मारली म्हणून रडत आलास? कपाटचं रक्त उसळलं. तो बाकावर जाऊन बसला. बाक करकरला. तक्रार लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही, असं त्यानं सांगितलं. हवालदार जेवून आला, तरी कपाट तिथेच. अधूनमधून तो मोबाइलवर तो व्हिडिओ लावायचा, मोठ्या आवाजात, थपडेच्या आवाजासकट. त्यात मोटारीचा नंबर स्पष्ट दिसत होता.

एवढ्यात सिस्टर आल्या. कपाटनं त्यांना फोन करून फक्त साक्ष द्याल का एवढंच विचारलं होतं. त्यांनी येताना फुटक्या काचांचं ते खोकं आणलं आणि हवालदाराच्या टेबलावर ठेवून दिलं. या वयात मी हे उचलून आणलंय, तुम्हाला पेन उचलायला काय होतंय, असं त्यांनी विचारलं. तक्रार लिहिली गेली.

पुढे बऱ्याच खेपा झाल्या. आज साहेब नाहीत, उद्या या. कपाट उद्या यायचा. प्रत्येक वेळी संतापानं लाल होऊन बाहेर पडायचा आणि प्रत्येक वेळी परत जायचा. थांब्यावरच्या लोकांना ही नवी गंमत मिळाली, पण ती लवकर शिळी झाली. एका खेपेला लेक कामावरून रजा घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसून राहिली.

अखेर चष्मेवाल्याला बोलावणं गेलं. तो वकिलाला घेऊन आला. चष्मा नव्हता, त्यामुळे चेहरा अगदीच साधा दिसत होता. वकिलानं त्याला कोपरानं ढोसलं तेव्हा तो म्हणाला, गैरसमजातून झालं, माफ करा, आणि हात पुढे केला. कपाटनं हात दिला नाही. माफी सिस्टरची मागा, भांडी त्यांची होती, असं म्हणाला. चष्मेवाल्यानं सिस्टरचीही माफी मागितली, पाठ केलेला धडा म्हणावा तशी. सिस्टर "ऐकलं" एवढंच म्हणाल्या. अधिकाऱ्यानं त्याला चार कडक शब्द सुनावले, पुन्हा असं झालं तर आत घालीन म्हणाला, आणि प्रकरण मिटलं.

सिस्टर घरी निघाल्या होत्या, लेक पुढे जाऊन टेंपोत बसली होती. कपाट कागदावर सही करून मागाहून बाहेर आला. चौकीच्या उंच दगडी पायऱ्यांवर चष्मेवाला वकिलाशी बोलत पाठमोरा उभा होता. चष्मा पुन्हा डोळ्यांवर होता. "हातपाय बघितलेत त्याचे?" तो सांगत होता. "आणि आला रडत पोलिसांकडे. बाईमाणूस परवडलं." दोघं हसले.

कपाट त्याच्या बरोबर मागे होता. एका हाताचं अंतर. मागे कपाट आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. रस्त्यावर दुपारची सामसूम होती, कोणाचा फोन वर नव्हता. ढकलायचीही गरज नव्हती, नुसता खांदा लागला असता तरी पुरे होतं. गल्लीत आला होता त्यापेक्षा कितीतरी मोठा राग त्या वेळी आला, असं कपाटनं नंतर बायकोला सांगितलं. दादाचा पाय आठवून बघितला, तर तो आठवायलाही तयार नव्हता. मदतीला कोणीच नव्हतं.

तो शेजारून खाली उतरला. त्याला बघून चष्मेवाल्याचं हसू मावळलं आणि त्यानं कठडा धरला. कपाट टेंपोत जाऊन बसला. लेकीनं त्याच्याकडे बघितलं. गुडघ्यांवर ठेवलेले त्याचे हात थडथड उडत होते. तिनं ते असे कधी बघितले नव्हते. आपला हात त्याच्या हातावर दाबून ठेवला, तर तोही सोबत हलायला लागला.

मेव्हणा काही परत आला नाही. त्यानं दुसऱ्या एकाबरोबर काम धरलं, बरं चाललं होतं. बहिणीकडे यायचा तो दाजी घरात नसताना. ती दोघांवर चिडायची, एकाचा राग दुसऱ्यावर काढायची. मग एकदा कपाटकडे एका सोनाराची जुनी तिजोरी खाली उतरवायचं काम आलं. अरुंद जिना, ओतीव लोखंड. त्यानं दोन माणसं नेऊन बघितली. दोघांनीही पहिल्याच वळणावर हात टेकले. वजन पेलण्यापेक्षा समोरच्याचं पाऊल ओळखणं महत्त्वाचं होतं, आणि ते एकालाच येत होतं. कपाटनं स्वतः फोन केला नाही. बायकोनं केला.

मेव्हणा आला. वर बघितलं नाही. पट्टा खांद्यावर चढवला, ताणून बघितला, वाकला. मग वाकलेलाच थांबला.

"दाजी, माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला.

"माझाही नाही," कपाट म्हणाला. "उचल."